सरकारी उजेड

लढाईच्या दिवसांत सरकारने घड्याळाचे काटे एक तास पुढे ढकलले, तेव्हा धुळ्याच्या लोकांना हसायला फुकटचा विषय मिळाला. कोंबड्याला हुकूम कोण बजावणार, म्हैस नव्या टायमाने पान्हा सोडेल का, अशा गप्पा हॉटेलाहॉटेलांतून रंगल्या. ज्ञानचंद शेठच्या कापसाच्या जिनातला मुकादम हिलाल तर म्हणाला, "गोरा सायबले आते सूर्यबी हुकूमम्हा पाह्यजे!" सगळा जीन खो खो हसला. हसला नाही तो एकटा चुडामण. त्याने मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या साहेबाला हात जोडले.

चुडामण रातांधळा होता. दिवसा नजर घारीची. सरकीतला खडा लांबून हेरील. पण दिवस मावळतीला टेकला की डोळ्यांपुढे कुणी घोंगडं धरावं तसं होई. दिवा लावला तर दिव्याचा ठिपका दिसे, दिव्याशेजारचं माणूस दिसत नसे. बायको भागाबाई आणि एकुलती एक लेक ताई सोडली तर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, आणि होऊ द्यायचीही नव्हती. शेठला कळलं तर कामावरून हाकलणार, आणि जातभाईंना कळलं तर आंधळ्याच्या घरची पोर म्हणून ताईकडे कुणी वळून बघणार नाही.

जिनात सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या रुळांपुढे कापूस सारायचं त्याचं काम. कापसाजवळ उघडा दिवा न्यायचा नाही, हा जिनाचा पहिला नियम. एक ठिणगी उडाली तर शेठसकट सगळे उघड्यावर. लांब भिंतीवर काचेआड एक दिवा मिणमिणे. थंडीचे दिवस आखूड. भोंगा व्हायच्या आधीच जिनात काळोख शिरे, आणि तो शेवटचा वेळ चुडामण जीव मुठीत धरून काढी. रूळ दिसत नसत, घरघर तेवढी ऐकू येई, आणि तो बोटं आवरून अंदाजाने कापूस पुढे करी. तोंडाने मात्र शिट्टी चालू, म्हणजे शेजारच्याला वाटावं, गडी खुशीत आहे.

भोंगा झाला की फाटकाबाहेर ताई उभी असे. घर पांझरेपलीकडे, देवपुरात. पुलावर गाड्या-टांग्यांची वर्दळ, तिथे ठेचकाळला तर चार माणसं बघणार. म्हणून बापलेक खालून, पात्रातल्या दगडांवरून जात. ताई लहान होती तेव्हापासून त्याला न्यायला येई, आणि हाताची बोली तिनेच बसवली होती. हात एकदा दाबला तर पुढे दगड आहे, पाय उचला. दोनदा दाबला तर पुढे खोल पाणी आहे, जागचे हलू नका. तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण धुणी आटपून परतणाऱ्या बाया आसपास असत. बघणाऱ्यांना वाटे, केवढी लाडकी लेक, बापाचा हात म्हणून सोडत नाही.

पण लेक वाढत होती. चुडामण येईल त्या स्थळात खोट काढी. सासर लांब, मुलगा आळशी, सासू तोंडाळ. एकदा भागाबाईचा पारा चढला. "तिनं लगन करनं शे, का तिले काठी करीसन ठेवनी शे?" चुडामणने खाली मान घातली. खरं बोलणाऱ्याशी भांडता येत नाही.

आणि मग हा सरकारी उजेड आला. हंगाम सुरू झाला, पहिल्या दिवसाचा भोंगा झाला, आणि चुडामण चाचपडायच्या तयारीने फाटकाबाहेर पडतो तर काय, बाभळीच्या शेंड्यावर पिवळंधमक ऊन! सकाळी लवकर निघावं लागे, पण सकाळच्या अंधाराला तो भीत नसे. तो सरत जाणारा अंधार, आणि घोळक्यात मिसळून चालता येई. संध्याकाळचं भय मात्र गेलं. रूळ दिसू लागले, बोटं मोकळी झाली.

एकट्या चुडामणचाच नव्हे, सगळ्या जिनाचा नूर पालटला. बाया उजेडी घर गाठू लागल्या, लेकरांना त्यांची तोंडं दिसू लागली. कुणी दारात वालाचे वेल चढवले, तरण्या गड्यांनी नदीकाठी कुस्तीचा हौदा खणला. हिलाल मुकादमाच्या शिव्यासुद्धा निम्म्यावर आल्या. माणसं तीच, मजुरी तीच, पण काम सरस होऊ लागलं, असं ज्ञानचंद शेठ ज्याला त्याला सांगत. त्याचं श्रेय ते स्वतःच्या देखरेखीला देत. शेठ लोकांना ते शोभतं.

त्या पहिल्या दिवशी चुडामण ताईला म्हणाला, "पोरी, आज मी तुले घर लई जास." पुढे तो, मागे ती. पात्राच्या मध्यावर त्याने वळून पाहिलं. सांजेच्या उन्हात लेकीचं तोंड त्याने इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. पोर केवढी झाली होती! गालावर आईची खळी होती. कामावरून दमून आलेल्या बापाला लेकीचं तोंड दिसावं, ही काय मोठी मागणी आहे? पण ती पुरी झाली तेव्हा चुडामण तिथेच दगडावर बसला आणि पोरासारखा रडला.

पुढच्याच वैशाखात त्याने ताईचं लग्न लावून दिलं. पिंपळनेरचं घर, भातशेती, व्याही झुलाल खाऊनपिऊन सुखी. विहीणबाई भिकुबाई जिभेच्या तिखट, पण मिरची कोणत्या घरात नसते? डोळ्यांची गोष्ट अर्थातच सांगितली नाही. सासरी निघण्याआधी ताईने आईला नदीवर नेऊन हाताची बोली शिकवली. "माय, ध्यानम्हा ठेव. येळ सांगीसन येत नही."

चुडामण हसला. "आते कसाले? उजेड शे ना!"

पहिल्या दिवाळीला तो तिला आणायला पिंपळनेरला गेला. दुपारची मोटार पोचली तेव्हा दिवस डोंगराच्या हातभर वर होता, आणि अंगणातून धावत आलेली ताई त्याने डोळे भरून पाहिली. आखाजीच्या सणाला ती माहेरी आली, निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून गाणी म्हणाली. त्याच्या पुढच्या आखाजीला मात्र तिला पाठवलं नाही. शेतात काम आहे, असा निरोप आला. मूलबाळ होत नाही म्हणून भिकुबाईची जीभ सुटली आहे, असं उडत उडत कानावर येई. भागाबाईच्या घशाखाली घास उतरेना.

लढाई संपली आणि दसऱ्याच्या सुमारास सरकारने आपला तास परत घेतला. साहेबाने दिलं, साहेबाने नेलं, विचारतो कोण? जिनाचा हंगाम अजून उभा राहायचा होता, म्हणून गेलेला तास कुणाच्या अंगाला लागला नव्हता. चुडामणच्याही नाही.

दिवाळीला तो पुन्हा पिंपळनेरला निघाला. मोटार तीच, सुटायची वेळ तीच, तेव्हा पोचेपर्यंत दिवस हातभर वर असणारच, असा त्याचा हिशेब. जन्मभर सूर्याकडे बघून वेळ सांगणारा माणूस, पण लढाईच्या दिवसांत घड्याळावर भरवसा ठेवायला शिकला होता. साक्रीच्या पुढे त्याच्या डोळ्यांपुढे घोंगडं उतरू लागलं तेव्हा त्याला सरकारने परत नेलेला तास आठवला. मोटार थांबली ती मिट्ट काळोखात, निदान त्याच्यापुरत्या. आवाजांच्या मागे मागे, याला त्याला विचारत त्याने झुलालचं अंगण गाठलं.

"या व्याही!" झुलाल म्हणाला. चुडामणने आवाजाकडे तोंड करून रामराम केला. कंदिलाचा ठिपका दिसत होता, बाकी काही नाही. मग जोडवी वाजली. ती चाल त्याला ठाऊक होती.

"आबा."

"कशी शे, पोरी?"

शेजारी भिकुबाईच्या बांगड्या खळखळल्या. "बरी शे," ताई म्हणाली. मग ती पुढे झाली. "चला आबा, पाय धवाले," म्हणत तिने त्याचा हात धरला. सासरच्यांना संशय येऊ न देता लेकीने सावरून घेतलं, म्हणून त्याचं मन भरून आलं. चार पावलं गेली असतील, तिने हात दाबला. आणि पुन्हा दाबला, नखं रुतेपर्यंत.

चुडामणने पाय उंच उचलला.

अंगण सपाट होतं. पाय दणकन खाली आला. मागून भिकुबाई फिसकन हसली. "व्याही, आठे पायरी नही शे!" झुलालही हसला. चुडामणही हसला, कारण गुपित राखायचं तर हसणं भाग होतं. ताईचा हात त्याच्या हातातून सुटला.

लेकीला पाठवा, असं त्याने म्हणून पाहिलं. भात काढायचा आहे, मग बघू, असं उत्तर आलं. मुलीच्या बापाने आवाज चढवायचा नसतो, असं आपल्याकडे ज्याने कुणी ठरवलं, त्याला स्वतःची लेक नसावी. परतीची मोटार झुंजूमुंजू व्हायच्या आधी सुटणार होती. निघताना ताई पायाशी वाकली ती वाकूनच राहिली. त्याच्या पावलावर ऊन ऊन थेंब पडले. निरोप घेताना लेकी रडतातच, असं त्याने मनाला समजावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तोंडावरून फिरवावा, असं फार वाटलं. पण सासरची माणसं बघतील, हा आंधळ्यासारखा चाचपतो काय म्हणतील, म्हणून आवरला.

घरी भागाबाई दारातच बसली होती. "तिनं तोंड देखं का?"

"देखं."

"दिन व्हता?"

"दिन वरच व्हता. पोर सुखम्हा शे," चुडामण म्हणाला. बायकोच्या घशाखाली घास उतरावा, एवढ्याचसाठी तो खोटं बोलला. भागाबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

मार्गशीर्षात सांगावा आला. ताई पाण्याला विहिरीवर गेली, ती परत आली नाही. पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते.

नवराबायको पिंपळनेरला पोचले तेव्हा भर दुपार होती, लख्ख ऊन होतं. या खेपेला चुडामणला सगळं दिसलं. ताईच्या भुवईवरची फाटून जुळलेली खूण, कानाखालचा भाजल्याचा डाग, सगळ्या जुन्या, वाळलेल्या जखमा. शेजारची एक म्हातारी भागाबाईला कवेत घेऊन रडत होती. तिने डोळे पुसले आणि चुडामणकडे पाहिलं.

"भाऊ, दिवाईले तुम्ही उनात ना? तिना डोया सुजेल व्हता. बठ्ठा गावनी देखं. तुम्ही तं बाप. देखीसन बी तिले सोडी गयात?"

भागाबाईने मान वर केली. दिन वरच होता, हे तिला सांगितलेलं होतं. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

"माले रातले दिसत नही," चुडामण म्हणाला. मग ओरडून म्हणाला, जन्मभर दडवलेली गोष्ट साऱ्या गावापुढे, पुन्हा पुन्हा. कुणाला खरं वाटलं नाही. उन्हात त्याची नजर अगदी स्वच्छ होती, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवीत होती. आता निमित्त सांगतो आहे मेला, असं बाया आपसात म्हणाल्या.

जीन सुरू झाला होता. भोंगा पुन्हा काळोखात होऊ लागला. कामावरची माणसं घरी जाताना बोलेनाशी झाली, नदीकाठचा हौदा ओस पडला. फाटकाशी भागाबाई उभी राही. तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं, पण त्याचा हात धरून नेणं टाकलं नव्हतं. पात्रात पाणी बेताचं होतं. दगड आला की ती एकदा हात दाबी, तो पाय उचली, आणि असे ते घरी जात.

एका संध्याकाळी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं होतं. मध्यावर आल्यावर भागाबाई थांबली. तिने हात दाबला. आणि पुन्हा दाबला, घट्ट.

चुडामणने सवयीने पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. खालून पाण्याचा आवाज येत होता. हळूहळू त्याने पाय होता तिथेच परत टेकवला.

"भागा," तो म्हणाला, "दोनदा म्हंजे काय?"

कितीतरी दिवसांनी ती बोलली. "पुढे पानी खोल शे. जागावरथीन हलनं नही. ताईनी सांगेल शे."

लेकीनेच सांगितलं होतं. उजेडाच्या त्या तीन वर्षांत तो अंधाराची बोली विसरून गेला होता. भरल्या अंगणात, सासूच्या देखत, जेवढं सांगता येईल तेवढं पोरीने सांगितलं होतं, आणि बापाने पाय उचलून दाखवला होता.

"तिनी बी मना हात दोनदाच दाबा व्हता," चुडामण म्हणाला.

भागाबाईला काही उमगलं नाही. पाणी दगडावर चढू लागलं होतं, म्हणून ती त्याला मागे ओढू लागली. चला म्हणाली, बुडाल म्हणाली, शेवटी रडू लागली. पण चुडामण पांझरेच्या मध्यावर घट्ट उभा होता. लेकीने थांबा म्हटलं होतं, आणि तो जागचा हलायला तयार नव्हता.