रवोच अजून उगवला नव्हता

नवरूझ होऊन आठवडा उलटला तरी पाऊस हटायला तयार नव्हता. अशा सकाळी कुत्रंसुद्धा तंदूरच्या आडोशाला अंग चोरून बसतं. अन्झिरत मात्र डोक्यावर पोतं पांघरून होसियतच्या दारात हजर.

"चल गं दुगोना, वरच्या उताराला जाऊन येऊ. सासूनं रवोचचा ध्यास घेतलाय. आंबट देठ चावायला मिळाला नाही तर जेवणार नाही म्हणते."

"म्हातारीला डोहाळे लागले की काय?" होसियत म्हणाली. "अगं, वर अजून बर्फ असेल. तीन आठवडे तरी रवोच डोकं वर काढायचा नाही."

"गेल्या वर्षी मेंढवाड्यापाशी लवकर निघाला होता. चल ना. एकटीनं जायला भीती वाटते."

गेल्या वर्षी तसलं काही झालं नव्हतं. भाजीच्या बाबतीत होसियतशी वाद घालण्याची गावात कुणाची छाती नव्हती. कुठल्या घळीत पुदिना आधी फुटतो हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. पण गळ दुगोनानं घातली होती. दोघी एकाच पानगळीत या गावात नवऱ्या म्हणून आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात चार बायांसमक्ष ओढण्या बदलून दुगोना, मानलेल्या जुळ्या बहिणी, झाल्या. त्याला वीस वर्षं होत आली. तेव्हापासून एकमेकींना नावानं हाक नाही आणि एकीच्या पोटातलं दुसरीपासून लपलेलं नाही. गावातले पुरुष चेष्टेनं म्हणत, एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसते.

तेवढ्यात आतून इस्मत, होसियतचा नवरा, म्हणाला, "जा की. गाईचं मी बघतो."

गाय व्यायला टेकली होती तेव्हासुद्धा या माणसानं गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. होसियतला नवल वाटलं आणि, खोटं कशाला सांगायचं, बरंही वाटलं. जानेवारीतल्या भांडणापासून तो तिच्याशी धड बोलत नव्हता. आता निवळला असेल, असं तिनं धरलं. बाईमाणसाला एवढंसं गोड बोललं की पुरतं.

भांडण झालं होतं ते लेकीवरून, झेबिनिसोवरून. पोरगी एकोणीस वर्षांची, देनोवच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळालेली, सप्टेंबरात जायचं. अशात खालच्या गावचा घुलोम आपल्या मुलासाठी नान घेऊन मागणी घालायला आला. इस्मत हरखला. ट्रकवाला घुलोम, मोठं घर! होसियतनं ते दोन्ही नान न मोडता त्याच दस्तरखानात बांधून परत पाठवले. नान मोडला की सोयरीक झाली. मग मुलीकडच्यांनी मागे फिरायचं म्हणजे सात गावांत तोंड दाखवायला जागा नाही. त्या संध्याकाळी झेबिनिसो रडत होती, तेव्हा होसियतनं तिचा हात धरून सांगितलं होतं, "मी या घरात आहे तोवर तुझा नान कुणी मोडणार नाही."

दोघी चढणीला लागल्या. पाऊस बारीक, पण हाडात शिरणारा. खालच्या उतारावर झगझगच्या रानभाजीची पानं जमिनीला चिकटून हिरवीगार पसरली होती आणि ओढ्याकाठी रानपुदिन्याचे कोवळे कोंब वर आले होते. होसियत वाकून खुडत राहिली. संध्याकाळी ही भाजी भरून हिरवा सोम्सा करायचा तिनं मनाशी ठरवून टाकलं. झेबिनिसो एका बैठकीत सहा खाते. अन्झिरत मात्र सरळ चालली होती. एवढी भाजी पायाखाली तुडवत जाणारी बाई होसियतनं जन्मात पाहिली नव्हती.

"अगं, वाक की जरा! कंबरेत खिळा ठोकलाय का?"

"येताना घेऊ. आधी वर जाऊ."

आणि दर दहा पावलांनी ती मागे वळून खालच्या रस्त्याकडे बघत होती.

मेंढवाड्यापाशी पोचल्या तेव्हा पावसात बर्फाचे कण मिसळले होते. होसियतनं हातांनी बर्फ सारला आणि काठीनं माती उकरली. रवोच यायचा असला की आधी लाल गाठी दिसतात. इथे नुसता थिजलेला चिखल. बोटं बधिर झाली.

"बघितलंस? चल आता परत."

"इतक्यात? बस ना. चहा आणलाय मी," असं म्हणून अन्झिरतनं दगडी भिंतीच्या आडोशाला गाठोडं सोडलं. थर्मास काढला, नान काढून होसियतच्या हातात दिला.

होसियतनं तो मोडायला धरला आणि तिचा हात थांबला. प्रत्येक घराचा नानावर टोचायचा ठसा वेगळा. हा गोल होता, आणि गोलात एका खिळ्याची जागा रिकामी होती. घुलोमच्या आईच्या ठशाचा एक खिळा तुटलेला आहे. जानेवारीत दस्तरखानाची गाठ मारताना होसियतनं ते रिकामं टिंब दोन्ही नानांवर पाहिला होता.

"हा नान कुठला?"

"कुठला म्हणजे? आमचाच."

"तुमच्या ठशावर चांदणी आहे. मीच आणून दिलाय तो तुला."

अन्झिरतचा चेहरा राखेसारखा झाला. घाईघाईत फडताळातला वरचा नान उचलला होता तिनं, कुणाचा ते न बघता. ती ओतत होती तो चहा पेल्याबाहेर सांडत राहिला.

"दुगोना, ऐक. इस्मतभाईंनीच सांगितलं. म्हणाले, दुपारपर्यंत तिला वर थोपवून धर. पोरीचं वाईट थोडंच होणार आहे? आणि माझा मुलगा जुरा दोन वर्षं घरी बसून आहे, तुला माहितेय. घुलोम त्याला ट्रकवर घेतो म्हणाला, नानही ठेवून गेला..."

"आत्ता घुलोमची माणसं माझ्या घरी बसलीत?"

अन्झिरत खाली मान घालून म्हणाली, "एव्हाना नान मोडलाही असेल."

नवऱ्यानं फसवलं त्याचं होसियतला फारसं नवल वाटलं नाही. नवरे फसवतात. पण हिनं! जिच्या मांडीवर डोकं ठेवून ती आपल्या मेलेल्या पोराचं दुःख रडली, तिनं केसानं गळा कापला, आणि वर चहा पाजायला बसली.  होसियतनं नान तिथेच दगडावर ठेवला आणि उताराला धावत सुटली. दोनदा घसरली, कोपर सोललं, एका पायातला रबरी गलोश चिखलात रुतला तो तसाच सोडला. मागून अन्झिरतच्या हाका येत होत्या, "दुगोना! अगं दुगोना, थांब!" ती थांबली नाही.

अंगणात परक्यांचे बूट होते. पुरुषांच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात झेबिनिसो एकटी उभी राहून चहाच्या वाट्या पुसत होती. डोक्यावर सोयरिकीची नवी पांढरी ओढणी होती आणि समोरच्या ताटात नानाचे तुकडे.

"तुला विचारलं ना त्यांनी?" होसियतला धाप आवरत नव्हती. "मग नाही म्हणून का सांगितलं नाहीस?"

"तू हो म्हणालीस, मग मी कुणाच्या जोरावर नाही म्हणणार?"

"मी? मी कधी हो म्हटलं?"

झेबिनिसो वाटी पुसत राहिली. "बाबा म्हणाले, आईनं कबूल केलंय. तुला शब्द दिला होता ना, म्हणून तोंड दाखवायला लाजते, म्हणून सकाळीच डोंगरावर गेली. मी म्हटलं, आई असं करणार नाही. घुलोमकडच्या बायका बसल्या होत्या तरी उठून घरभर तुला शोधलं. गोठ्यातसुद्धा बघितलं."

"बाळा, मला फसवून नेलं गं. रवोचचं खोटं निमित्त काढून. हे सगळं अन्झिरतला माहीत होतं. मला नव्हतं, तुझ्या गळ्याची शपथ!"

झेबिनिसोनं पहिल्यांदाच वर बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर होसियतनं तो पदरात घेतला असता.

"अन्झिरत मावशीला माहीत होतं आणि तुला नव्हतं?" ती हळूच म्हणाली. "आई, निदान आता तरी खरं बोल."