सत्ता कशी दिली

तिसऱ्या दिवशी दुपारी श्यामराव आले आणि चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहिले, तेव्हाच कमरजहांबाईंनी ओळखलं की हा माणूस काहीतरी नासवायला आलाय.

श्यामराव पेठेतल्या उन्हाळी व्याख्यानमालेचे चिटणीस. बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या, म्हणून त्यांनीच गळ घालून यंदा तीन संध्याकाळी बाईंना दिल्या होत्या. विषय होता जर्मनी, राजापासून हुकूमशहापर्यंत. पहिल्या दिवशी बाईंनी कैसरच्या मिशा अशा काही रंगवल्या की सभागृह खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी राजा हॉलंडला पळाला, लोकशाही आली, बायकांना मत मिळालं. मग बाईंनी त्या राज्यघटनेतलं एक कलम वाचून दाखवलं. संकट आलं तर राष्ट्राध्यक्षानं हुकूम काढून कारभार हाकावा, असं ते कलम. ते पुढं इतक्या वेळा वापरलं गेलं की कुणाला त्यात वावगं वाटेना. हे ऐकताना सभागृहात कुणी हसलं नाही. आपल्याकडे आणीबाणीला वर्ष होत आलं होतं, आणि दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारे दोघे येरवड्याच्या तुरुंगात होते.

"बाई, आजचं तेवढं राहू द्या," श्यामराव म्हणाले.

"का?"

"पत्रिकेत मी छापलं होतं, 'हिटलरने सत्ता कशी बळकावली'. तुम्ही ते खोडून 'हिटलरला सत्ता कशी दिली' करायला लावलंत."

"मग? तो काय भिंत फोडून आत शिरला होता? रीतसर बोलावून, शपथ देऊन खुर्चीवर बसवलं त्याला. पुढं सभागृहानंच मतं देऊन सगळे अधिकार पदरात टाकले."

"अहो, 'बळकावली' म्हटलं की ते जर्मनीचं राहतं. 'दिली' म्हटलं की आपलं होतं."

"बरोबर समजलात. माझ्या वर्गात असतात तर पैकीच्या पैकी दिले असते. कुणी सांगितलं रद्द करायला? पोलीस आले होते?"

"नाही."

"कलेक्टर कचेरीतून फोन?"

"नाही हो. पण येऊ शकतो. सकाळी समितीची बैठक झाली, सर्वानुमते ठरलं." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमचे हुसेनभाई खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. सरकारी नोकरी. त्यातून तुम्ही… म्हणजे आपल्याला जरा जास्तच जपायला हवं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या पणजोबांनी रविवार पेठेत अत्तराचं दुकान थाटलं, तेव्हा या श्यामरावांचं घराणं पुण्यात आलंही नव्हतं.

"त्यातून तुम्ही, पुढं काय? वाक्य पुरं करा, श्यामराव."

प्रकृतीच्या कारणास्तव रद्द असं जाहीर करतो, एवढं पुटपुटून श्यामराव जिना उतरले.

बाई कितीतरी वेळ धुमसत बसल्या. कुणी हटकलं नाही, कुणी दटावलं नाही, आणि हे आपले आधीच शेपूट घालून मोकळे. वर त्याला काळजी असं गोंडस नाव द्यायचं. राग आला होताच, पण भीतीही होती. घर मुख्यतः नवऱ्याच्या, हुसेनभाईंच्या पगारावर चालत होतं, आणि कारखान्यात नुसत्या संशयावरून माणसं घरी बसवली गेल्याचं त्यांनीच सांगितलं होतं.

हुसेनभाई आले. हातपाय धुता धुता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी माझी आहे," ते टॉवेल दांडीवर टाकत म्हणाले. "तिच्या काळजीचं टेंडर मी श्यामरावांना दिलेलं नाही. साडी बदल, उशीर होईल."

सभागृह भरलं होतं. बाई दुसऱ्या रांगेत मंदाकिनीबाईंच्या शेजारी बसल्या. मंदाकिनीबाई त्यांच्याच कॉलेजातल्या, कालच व्याख्यानानंतर हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "किती निर्भीड बोलता हो तुम्ही." हुसेनभाई जागा नसल्यानं मागं दाराशी उभे राहिले. व्यासपीठावर पेटीवाला पेटी लावत होता.

अध्यक्ष श्रीधरपंत, निवृत्त मुख्याध्यापक, माइकसमोर आले. "बाईंची प्रकृती अचानक बिघडल्याने आज व्याख्यानाऐवजी भावगीतांचा कार्यक्रम होईल. सभेने टाळ्या वाजवून संमती द्यावी."

ही त्या मंडळाची जुनी रीत. तिथं कधी कुणी मत मोजलं नाही. अध्यक्षांनी म्हणायचं, सभेनं टाळ्या वाजवायच्या, की झाला ठराव. आजही टाळ्या पडल्या. बाई समोर धडधाकट बसलेल्या दिसत असताना पडल्या. मंदाकिनीबाईंनीसुद्धा, खाली मान घालून, दोनच, पण वाजवल्या.

बाई उभ्या राहिल्या.

"माझी प्रकृती ठणठणीत आहे, श्रीधरपंत. आणि टाळ्यांचं राहू द्या. ज्यांना व्याख्यान हवंय, त्यांनी हात वर करावेत."

पेटीचा सूर बंद पडला. कुणी टोपी सारखी केली, कुणी पत्रिकेनं वारा घेऊ लागलं. मंदाकिनीबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या आणि ते त्यांना काही केल्या सापडेना. पेन्शन बसलेली, मुलं मार्गी लागलेली ही माणसं. हात वर केला म्हणून यांचं कोण काय वाकडं करणार होतं? तरी एकही हात वर गेला नाही.

मग मागं दाराशी एक हात वर गेला. अर्धामुर्धा नाही, पुरता, खांद्यापासून सरळ. हुसेनभाईंचा. सबंध सभागृहात ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकत होतं, त्याचा. वळून पाहणाऱ्यांची नजर चुकवत नव्हते ते.

रडून या लोकांची सोय करायची नाही, असं बाईंनी ठरवलं.

"तिसरं व्याख्यान छोटंच होतं," त्या म्हणाल्या. "हिटलरला सगळे अधिकार देण्याचा कायदा बर्लिनच्या सभागृहात आला, तेव्हा त्याचे गणवेशातले गुंड आत-बाहेर उभे होते. तरी चौऱ्याण्णव जणांनी विरोधात मत दिलं. आपल्या दारात रसवंतीवाला उभा आहे, आणि हात वर झाला एक. तोही घरचाच."