उजवं टायर

माझी सून रिना ऑटो चालवते, आणि आमच्या फाट्यावरच्या कुठल्याही बाप्यापेक्षा बरी चालवते. सासू असून मी हे म्हणते, म्हणजे बघा. पण तिथले ऑटोवाले तिला रांगेत उभंच राहू देत नव्हते. नागभीडची बस आली की पुढच्या ऑटोने सवारी घेऊन निघायचं, तो हलल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही, असा त्यांचा कायदा. रिना रांगेत गेली की त्यांच्यातला कुलदीप दात काढून म्हणायचा, "वहिनी, तुमचा इथी नंबरच नाई."

धान कापून झालं आणि गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली. यंदा मंडईत ऑटोची शर्यत होती. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवरून गोल फेरे मारायचे आणि मागे एक सवारी बसलीच पाहिजे. रिनाने नाव दिलं. स्टँडचे अध्यक्ष मुखरूभाऊ हसून हसून खोकले. "जिंकली तं रोज सकाळी पहिला नंबर तुहा. हरली तं फाट्यावर ऑटो आणाचा नाई."

कुलदीपने मागे वारलूला बसवलं. वारलू म्हणजे नुसती काडी. रिनाने मला बसवलं. मी कशी आहे ते सांगत नाही. मी ऑटोत बसले की शेजारी दुसरं कोणी मावत नाही, एवढं पुरे. लोक फिदीफिदी हसले. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला.

"आई, सारे वळणं डाव्या अंगाचे हायेत," रिना म्हणाली. "भार उजव्या टायरवर येते आन् तेच घासते. वळण आलं का तुमी डावीकडे सरका. टायर वाचलं तं आपण वाचलो."

शर्यत सुटली आणि कुलदीप धुरळा उडवत पळाला. त्याच्या मागे बाकीचे. आमची रिना आपली सावकाश.

"अवो पोरी, वरातीत चालली का?" मी ओरडले.

"टायर पुरवून वापरा लागते, आई. सरका!"

मी सरकले. ती वळणाच्या आधीच वेग उतरवायची, धारदार गिट्टी चुकवायची, पाण्याकडच्या ओल्या गवतावरून न्यायची म्हणजे टायर तापत नसे. कुलदीपचं टायर मात्र प्रत्येक वळणावर किंचाळत होतं. इकडे "सरका!" की मी डावीकडे, वळण संपलं की परत मधे. बांगड्या खळखळतायत, अंबाडा सुटलाय, पदर कुठे ते मला माहीत नाही. मला हसूच आवरेना. या वयात इतकी मजा असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

मग पुढच्यांची टायरं बोलू लागली. एकाचं फुस्स झालं. एक घसरून धानाच्या तणसाच्या ढिगात शिरला आणि सवारीसकट आत गडप झाला. पुढे फक्त कुलदीप उरला, पण त्याचं उजवं टायर पार गुळगुळीत झालेलं, वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जायचा.

शेवटचा फेरा लागला. रिना ओरडली, "आई, आता पुरवाचं नाई! आता उडवाचं!"

आणि तिने मूठ जी पिळली! शेवटच्या वळणावर आमचं डावं चाक उचललं. मी दांडी धरून डावीकडे अर्धी बाहेर लोंबकळले, गवत माझ्या केसांना लागलं, आणि चाक धप्पकन खाली बसलं. कुलदीप गर्रकन फिरून बोडीच्या चिखलात गेला. आम्ही सुसाट पुढे! मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मागे ऐटीत बसून फाट्यावर गेले. आमचा ऑटो सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि तेवढ्यात उजवं टायर सूं करून जमिनीला टेकलं. जिंकल्याच्या आनंदात त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. बस आली. सवाऱ्या पिशव्या घेऊन धावल्या. मागे कुलदीप नवं टायर लावून हॉर्न वाजवत होता.

"काऊन वाजवतं, भाऊ?" मी म्हटलं. "पुढचा हलल्याशिवाय मागचा हलत नाई ना?"

कुलदीपने मुखरूभाऊंकडे पाहिलं. मुखरूभाऊंनी आभाळाकडे पाहिलं. मग ते निमूट उठून जॅक घेऊन आले, रिनाने स्टेपनी काढली, आणि कुलदीप गुडघे टेकून नट खोलायला बसला.

"ठमाबाई, तुमी तं उतरा," तो घामाघूम होत म्हणाला.

मी उतरले नाही. थोडी डावीकडे सरकले.