जांघेच्या गाठीतलं हाड

शिंप्याच्या जांघेतून काढलेल्या गाठीच्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, लॅबच्या डॉक्टरबाईंना हाड दिसलं. तिथे हाड असू नये, एवढं त्यांनी पहिल्याच वर्षी शिकून ठेवलं होतं.

"नमुन्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?" त्यांनी तंत्रज्ञ बाईंना विचारलं.

"वीस वर्षांत एकदाच झाली, मॅडम. जेवणाच्या डब्यांची. माझा डबा तुम्ही संपवलात आणि काही बोललाही नाहीत."

तेवढ्यात गाठ काढणाऱ्या सर्जनचा फोन आला. डॉक्टरबाईंनी त्याला हाडाचं सांगितलं. "हाडाचा कॅन्सर म्हणायचा ना? सोमवारी औषधं सुरू करतो. जबर असतात, पण माणूस काटक आहे."

"पायाच्या एक्स-रेत काही आहे?"

"छे! हाडं ठणठणीत आहेत."

"मग हे हाड आलं कुठून? दोन दिवस थांबा."

फॉर्मवर 'पूर्वीचा आजार' यापुढे नुसती आडवी रेघ होती. डॉक्टरबाईंनी शिंप्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"ह्यांना कधी काही झालेलं नाही, डॉक्टरबाई. साधं पडसं नाही."

"अंगावरचं काही काढलंय कधी?"

"नाही हो. टाचेवरचा एक तीळ काढला होता, पण तो काय धरायचा? नऊ वर्षं झाली."

"तपासायला दिला होता?"

"तुमच्याकडेच. पण जखम भरली, मग रिपोर्टसाठी कशाला हेलपाटा?"

न नेलेल्या रिपोर्टांच्या कपाटात तो सापडला, पाकीटबंद. मेलानोमा, म्हणजे तिळाच्या पेशींचा, त्वचेचा कॅन्सर. खाली सही डॉक्टरबाईंचीच.

"आपण कळवलं कसं नाही?"

"आपण कुठे कळवतो, मॅडम? लोक घेऊन जातात."

बाईंनी गाठीवर तिळाच्या पेशी ओळखणारा खास रंग चढवायला सांगितला. हाडाभोवतीच्या पेशी रंगल्या, हाडात अडकलेल्याही रंगल्या. टाचेवरून निघून जांघेत मुक्कामाला आलेल्या त्या पेशी तिथे हाड घडवत बसल्या होत्या.

"असं होतं?" सर्जनने विचारलं.

"क्वचित. सोमवारची औषधं रद्द करा. याची वेगळी आहेत."

मग बाईंनी पुन्हा शिंप्याच्या घरी फोन लावला. आजार सांगितला, औषध सांगितलं. "आणि नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. चुकलं माझं."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. बायकोने नवऱ्याला सगळं सांगितलं तसं ते थांबलं. बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"हे विचारताहेत," बायको म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"