धाकटीसमोर लंगडायचं नाही

गुडघा बिघडला माझा आणि कौतुक कुणाचं, तर धाकटीचं! धाकटी म्हणजे माझी जाऊ. दोघींनी एकाच डॉक्टरकडे गुडघा बदलून घेतला. आता ती टुणटुण जिने चढते, आणि मी खुर्चीतून उठले की पहिल्या चार पावलांतच डोळ्यांत पाणी. घरात सगळे मलाच ऐकवतात, "तिने व्यायाम केला मनापासून." मग मी काय झोपा काढल्या? अंगाचा नुसता तिळपापड होतो.

शेवटी बिघडलेले सांधे पुन्हा बसवणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. बसवलेला सांधा सैल झाला तर आतलं हाड झिजत जातं, आणि जितका उशीर तितकं ऑपरेशन अवघड, एवढं मला ठाऊक होतं. ऐन वेळी मुलाला काम निघालं. मग सोबत कोण? हीच!

डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडावर धरला. "शंका आहे, पण यावरून नक्की सांगता येत नाही. काकू, दारापर्यंत चालून दाखवा बरं."

धाकटी कोपऱ्यात बसून टक लावून बघत होती. हिच्यासमोर लंगडू? मेले तरी नाही! दातावर दात ठेवून ताठ चालत गेले, वळले, परत आले. वर हसलेसुद्धा.

"चाल तर छान आहे," डॉक्टर म्हणाले. "मग गुडघा उघडायची घाई नको. सहा महिन्यांनी या."

सहा महिने हे दुखणं काढायचं? पण आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"डॉक्टर, त्या खोटं चालतायत," धाकटी मध्येच म्हणाली. "थोडा वेळ बसवा, आणि मग हात न टेकता उठायला सांगा."

माझं डोकंच फिरलं. "तुला गं काय कळतंय त्यातलं? तू आपली पळतेस नुसती!"

"मलाही तसंच होतं, वहिनी." तिची मान खाली गेली. "तुम्ही समोर असलात की मीही असंच चालते. वर्ष होईल आता."

बाई गं, आणि मी हिच्यावर जळत होते!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दोघींना शेजारी शेजारी बसवलं, थोड्या वेळाने उठवलं. "आता एकमेकींकडे न बघता चाला."

मी बघितलंच. धाकटी माझ्यापेक्षा जास्त लंगडत होती. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. मग तिने कळवळून भिंत धरली आणि माझाच जीव खालीवर झाला. तशीच फरफटत गेले, तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"डॉक्टर, माझं राहू दे," मी म्हटलं. "आधी हिचा एक्स-रे काढा."