प्लेटांचं तोंड

आप्पारावांच्या घरावर सोलरच्या प्लेटा बसल्या, त्या दिवशी सूर्य सोडून सगळ्यांना आमंत्रण होतं.

दिंद्रुडला जाणारा रस्ता घराच्या उत्तरेला. त्या रस्त्यानं एसटी जाते, उसाचे ट्रॅक्टर जातात, लग्नसराईत पुढाऱ्यांच्या गाड्या जातात. म्हणून प्लेटांचं तोंड रस्त्याकडं. गाडीत बसलेल्या माणसाला मान वर न करता दिसाव्यात म्हणून त्या शाळेतल्या फळ्यासारख्या उभ्या केलेल्या. वर लोखंडी कमान, कमानीवर ‘स्वयंपूर्ण निवास – आप्पासाहेब’ अशी अक्षरं आणि अक्षरांच्या कडेनं दिव्यांची माळ.

हे सगळं आपण स्वतः केलं, असं आप्पाराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. स्वतः म्हणजे खुर्चीत बसून. भावकीतला हरिओम मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, जरा बघून थांबवायचा, पाना फिरवायचा, परत लावायचा. व्हिडिओतला माणूस कुठल्या तरी भाषेत बोलत होता आणि ती दोघांपैकी एकालाही येत नव्हती. स्लॅबला पांढरा चुना मारला की घर थंड राहतं, हेही त्यांनी असंच शिकून घेतलं. चुना पाहुण्यांच्या खोलीवर लागला. आई आणि बायको निजायच्या त्या खोलीवर यायच्या आत तो संपला, आणि परत काही आणला गेला नाही.

त्यांची बायको सत्यशीला. माणसं मनातल्या मनात जमेला नाही तर खर्चाला धरायची तिची जुनी खोड होती. गावातली बहुतेक माणसं तिनं केव्हाच खर्चाला टाकली होती. नवऱ्याला मात्र अजून कुठंच धरलं नव्हतं, ‘येणं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

घरामागं तिचं रेशमाचं शेड होतं. लांबट, पत्र्याचं, वर उसाच्या पाचटाचा जाड थर, बाजूंना ओली पोती. आत मचाणांवर तुतीचा पाला आणि पाल्यावर अळ्या. शेवटची कात टाकून अळी खायला लागली की शेडमध्ये पत्र्यावर पाऊस लागल्यासारखा आवाज होतो. त्या दिवसांत तिला गारवा लागतो. गारवा मिळाला तर कोष, न्हाई तर मेलेल्या अळ्या पुरायला खड्डा. मागची बॅच खड्ड्यातच गेली होती, आणि तेव्हाच आप्पारावांनी सांगून टाकलं होतं, “पुढली बी गेली तर तुती उपटायची. तिथं माझं संपर्क कार्यालय होईल.”

आता शिमगा यायचा होता तरी ऊन तापलं होतं. दिवसा लाइट नसायची. शेडला दोन कूलर होते आणि प्लेटांची लाइट कूलरला देतो, असा शब्द उद्घाटनाच्या नारळाबरोबर मिळाला होता. पण कूलरचा पंखा असा फिरायचा की त्याची पाती मोजता यावीत. दिवसभरात बॅटरीत जे काही थेंब थेंब साठे, ते संध्याकाळी कमानीवरचं ‘आप्पासाहेब’ पिऊन टाकी.

ती ओसरीवर गेली. आप्पाराव आणि हरिओम चहा घेत होते.

“अवो, कूलरला लाइट देतो म्हणला होतात.”

“दिलीया की. वायर आली न्हाई का तुझ्याकडं?”

“वायर आली. लाइट न्हाई आली.”

“वैनी, ढगाळ वातावरण हाय,” हरिओम म्हणाला.

सत्यशीलानं वर बघितलं. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं. “त्या प्लेटा सावलीकडं तोंड करून बसल्यात,” ती म्हणाली. “दक्षिणेकडं फिरवा.”

“दक्षिण यमाची,” आप्पाराव म्हणाले. “आन् मागं बघतंय कोण? दोन म्हशी आन् पाटापलीकडचा बबन्या. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला का मी?”

“सूर्य तिकडं असतो.”

“सूर्य सगळीकडं असतो गं. उजेड न्हाई का पडला हितं ओसरीवर?”

हरिओम हसला. हसायचंच काम होतं त्याला. सत्यशीलानं कोपऱ्यातल्या मांजराकडं बघितलं. हे मांजर सगळी थंडी घराच्या दक्षिण भिंतीला जाऊन लोळत असे. त्याला कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं, नीट, हळू आवाजात, चारचौघांत त्यांचा मान जाणार नाही अशा बेतानं. आप्पाराव म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते फोनवर होते. त्याच दुपारी पश्चिमेकडच्या मचाणावरच्या अळ्या खायच्या थांबल्या, मऊ पडल्या, आणि संध्याकाळी सासूला हाताशी घेऊन तिला त्या मचाणाएवढा खड्डा घ्यावा लागला. केशरबाई म्हणजे तिची सासू. वय झालेलं, पण फावडं सुटलं नव्हतं. माती ओढताना सत्यशीलाचा हिशेब पक्का झाला. नवऱ्याबद्दल जेवढा मान शिल्लक ठेवला होता, बरोबर तेवढ्या अळ्या गेल्या. त्या खड्ड्याशीच तिनं आप्पारावांचं येणं बुडीत धरलं. मग तिला एकदम मोकळं वाटलं. बुडीत माणसाला समजावून सांगावं लागत नाही, त्याला फक्त वापरायचं असतं.

रात्री जेवताना तिनं दुसरी भाकरी वाढली आणि सहज सुरात बोलली.

“मोहिनी भेटली होती पाटावर.”

मोहिनी म्हणजे बबनरावांची बायको. बबनराव आप्पारावांचे चुलतभाऊ. पाटाच्या पलीकडं, दक्षिणेला त्यांचं घर, बरोबर यांच्या परसाकडं तोंड करून. दोघांचा आजोबांपासूनचा अबोला होता आणि दोघांनाही जिल्हा परिषदेच्या एकाच गटातून एकाच तिकिटावर उभं राहायचं होतं.

“मग?” आप्पाराव म्हणाले.

“काही न्हाई. भाऊजींना म्हणं लई हसू येतंय.”

“कावून?”

“त्यांच्या ओसरीवरनं आपल्या प्लेटांची नुसती पाठ दिसती. नळ्या आन् पत्रा. तर ते म्हणत्यात, आप्प्यानं म्होरं काच लावलीया, मागं रिकामं डबडं हाय. खरं असतं तर कावून लपवलं असतं आमच्यापासून?”

मोहिनी पाटावर भेटली होती हे खरं होतं. दोघी धुण्याच्या साबणाबद्दल बोलल्या होत्या.

आप्पारावांचा घास हातातच राहिला. “डबडं म्हणला?”

“मला काय माहीत. भाजी वाढू का?”

सकाळी हरिओमला अंथरुणातून उठवून आणलं. तो जांभई देत म्हणाला, “आप्पा, दक्षिण यमाची हाय म्हणला होता तुमी.”

“मग यम बबन्याच्याच दारात बसू दे की, बे. पाना काढ.”

प्लेटा फिरल्या. तशाच उभ्या, फळ्यासारख्या, फक्त तोंड आता पाटापलीकडं. बबनराव ओसरीवर दात घासत उभे होते. काचेवरची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर आली तसे ते हात आडवा धरून आत गेले. आप्पारावांनी ते बघितलं आणि गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला. निवडून आल्यावरही एवढा झाला नसता.

शेडमध्ये कूलर एकदम घोंगावायला लागला. सत्यशीला दारात उभी होती. ओल्या पोत्यातून गार वारा आत शिरला, पाला हलला, आणि थोड्या वेळानं तो पावसाचा आवाज परत सुरू झाला. केशरबाई येऊन तिच्याशेजारी टेकल्या.

“आपली विहीर बघितली का परसातली?” त्या म्हणाल्या.

“तिचं काय, आत्याबाई?”

“तुजा सासरा पाडत नव्हता. दोन उन्हाळं डोक्यावर घागरी वाहिल्या मी. मग एक दिस सांगितलं त्याला, धाकटा भाऊ विहिरीची जागा बघतोय म्हनं. आठ दिसात पानी लागलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “भाऊ बिचारा जागा-बिगा काही बघत नव्हता. तंबाकू खात बसायचा.”

बॅच साधली. राहिलेल्या मचाणांवर पांढरेशुभ्र, टणक कोष धरले. बीडच्या बाजारात ते चांगल्या दर्जात गेले. तुती उपटायचं नाव निघालं नाही, कारण आप्पारावांना शेडमध्येच संपर्क कार्यालय सापडलं होतं. दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्याला समजावून सांगत, की दक्षिणेकडं तोंड करण्यामागं विज्ञान आहे, अडाणी लोक यमाला घाबरून मार खातात, आणि हा शोध लावायला त्यांना तीन महिने अभ्यास करावा लागला. हरिओम मान हलवी. सत्यशीला कोषांवरची जाळी सोलत ऐकत असे. ती एका शब्दानंही आडवी आली नाही. आपण बुडीत धरलेल्या माणसाकडून एवढी वसुली झाली, तेच फार होतं.

पाडवा झाला आणि बबनरावांनीही प्लेटा आणल्या. आप्पारावांच्या दुप्पट. कामाला हरिओमच होता, दोन्हीकडचा चहा त्याला चालत असे. कमान उंच, अक्षरं मोठी, आणि प्लेटांचं तोंड अर्थातच आप्पारावांच्या परसाकडं. म्हणजे उत्तरेकडं.

थोड्याच दिवसांनी मोहिनी पाट ओलांडून आली. शेडच्या गारव्यात बसली, चहा घेतला, जरा इकडचं तिकडचं बोलली आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, “जाऊबाई, एक विचारू का? आमच्या दुप्पट प्लेटा. पर साधा फ्रिज चालंना. तुमचे कूलर बघा कसे पळत्यात. हरिओम म्हणतो ढगाळ हाय.”

सत्यशीलानं तिच्याकडं नीट बघितलं. पोर चांगली होती. फसलेली होती, पण चांगली.

“उन्हाकडं तोंड करायला सांग भाऊजींना. दक्षिणेला.”

“सांगितलं की. म्हणले, तिकडं बघतंय कोण.”

“तिकडं तुमच्या मागं राहतंय कोण?”

मोहिनीनं विचार केला. “कुणी न्हाई. गायरान हाय. सटवा धनगर मेंढरं घेऊन बसतो कधीमधी.”

“सटवाचं आन् भाऊजींचं काही वाकडं?”

“न्हाई बा. सटवा कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

सत्यशीलानं तिच्या कपात उरलेला चहा ओतला.

“मग अवघड हाय,” ती म्हणाली.