खिडकीतून अंगणात गेलेली वायर

मी एक्स्टेंशनची केशरी वायर बोलतेय. हो, तीच, जिच्यात पाय अडकला की शिव्याही तिलाच बसतात.

माझ्या अंगावर स्पष्ट लिहिलं होतं : हलक्या कामासाठी, घरातल्या वापरासाठी. पण माणसांना वाचायचं वावडं. तरी सुरुवातीची वर्षं सुखात गेली. कधी टेबलफॅन, कधी ड्रिल. काम झालं की वहिनी मला पुसून, घट्ट गुंडाळून ठेवायची. वहिनी म्हणजे या घराची मालकीण. तिच्या घरात चमचेसुद्धा रांगेत झोपतात.

मग तिची नणंद, मुलांची आत्या, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी संपवून भावाकडे राहायला आली. सोबत आणली मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी. "जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. आता चार भांडी माझ्या हातची होऊ देत," ती म्हणाली.

भट्टी अंगणातल्या शेडमध्ये बसली. तिचा जाड पिनांचा प्लग माझ्यात जाईना, तर भावाने कन्व्हर्टर लावून बसवला. "चालतंय की!" चालत होतं, पण कुणाच्या जिवावर, ते मला विचारा.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात गेले. उरलेली मी ओट्याखाली अस्ताव्यस्त पडलेली वहिनीला बघवेना. तिने माझी छान घट्ट गुंडाळी केली आणि वर पायपुसणं घातलं, कुणी अडखळू नये म्हणून. आधीच ओझं झेपत नव्हतं, त्यात गुंडाळीतली उष्णता जाणार कुठे? मी तापले. भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी मात्र मख्ख. त्याला भिंतीतल्या जाड वायरींची काळजी, माझी कोण करणार! शेजारीच गॅसची नळी होती. मी फार घाबरले. ओरडता येत नाही, म्हणून वास सोडला.

वास वहिनीलाच आला. तिने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पायपुसणं उचललं, तर माझे वेढे वितळून एकमेकांना चिकटलेले.

"ती भट्टी विकून टाक," भाऊ आत्याला म्हणाला. "घर जाळायचंय का?"

आत्या हाताला लागलेली ओली माती नुसती पुसत राहिली. माझ्यापायी हिची हौस गेली, असं वाटून मला रडू आलं.

बोलली ती वहिनी. "भट्टीची काय चूक? अर्धी चूक तुमच्या कन्व्हर्टरची, अर्धी माझ्या टापटिपीची. वायरमनला बोलवा."

वायरमन आला, भारी बडबड्या. "भट्टी म्हणजे जावईबापू! मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागणार." त्याने जमिनीखालून पाइपातून जाड केबल नेली. भट्टीचा भार पेलेल असा एमसीबी, अर्थिंग, करंट गळला की लगेच वीज तोडणारा ब्रेकर आणि पाणी न शिरणारा स्विचचा डबा बसवला. केबलचा चर वहिनीने आखून दिला. अर्थात सुतासारखा सरळ.

पहिल्यांदा बटण आत्याने वहिनीलाच दाबायला लावलं.

"वन्सं, मला भीती वाटते."

"मलाही. दाबा."

लाल दिवा लागला. भट्टी निवल्यावर आतून निघालं एक उभं निळं भांडं, वहिनीच्या चमच्यांसाठी.

माझा प्लग कापला, जळका भाग फेकला. उरलेल्या मला धरून शेडवर वेल चढतोय. तुमच्या खिडकीतून माझी एखादी बहीण बाहेर गेली असेल, तर तिच्यावर काय लिहिलंय तेवढं वाचा. ती बिचारी तोंडाने सांगणार नाही.

वहिनी अजूनही येता-जाता मला हात लावून बघते. मी थंडगार असते.